गुरुत्वाला त एकच

"मल्लिनाथराव, गुरुत्वाचं गुरुतत्त्व कोणी केलं?"

फोनवर वसंतराव कंधारकर होते आणि आवाज शांत होता. जन्मभर विज्ञान शिकवलेला मास्तर ओरडला तर निम्मी शिक्षा तिथेच फिटते. तो शांत बोलायला लागला की समजावं, छडी शोधणं चालू आहे. मल्लिनाथ उटगे खुर्चीतून उठून दुकानाच्या दाराशी आला. समोर औशाचं बसस्थानक. लातूरच्या गाडीतून नुकतेच उतरलेले वसंतराव पिशवी पायाशी ठेवून, मान वर करून उभे होते. त्यांच्या डोक्यावर, दोन खांबांच्या मध्ये, तो फ्लेक्स.

"म्या केलं, सर," मल्लिनाथ म्हणाला. "तुमच्याकडून 'गुरुत्वीय' पडलं व्हतं. म्या दुरुस्त केलं."

"दुरुस्त?"

"हाव."

"अहो, गुरुत्वाकर्षणातलं गुरुत्व ते! झाडावरून फळ पडतं ना, ते. तुमचे गुरुमहाराज कुठून आले त्यात?"

मल्लिनाथने वर पाहिलं. 'गुरुतत्त्वीय लहरी : विश्व जाणून घेण्याची नवी वाट. व्याख्यात्या : डॉ. मृण्मयी कंधारकर. स्थळ : मठाचे सभागृह, औसा.' अक्षर ठसठशीत होतं. त-ला अर्धा त जसा जोडायला हवा तसा जोडलेला होता. गेले चार दिवस येता-जाता तो त्या जोडाक्षराकडे बापाच्या नजरेने बघत आला होता. आता पहिल्यांदाच त्याला ते परक्याचं पोर वाटलं.

माणसाला नाव मिळतं ते त्याच्या खोडीवरून. औशात मल्लिनाथला 'दोन त-वाले काका' म्हणत. एके काळी तालुक्यातल्या निम्म्या पाट्या त्याच्या ब्रशच्या होत्या: शाळा, सोसायट्या, ट्रकच्या मागची 'आईचा आशीर्वाद'. मग फ्लेक्स आला आणि ब्रश बसला. सुगतने बसस्थानकासमोर छपाईचं दुकान टाकलं, तेव्हा त्याने मल्लिनाथला दाराजवळ एक खुर्ची दिली. काम एकच. छापायला जाणारा प्रत्येक मजकूर वाचायचा आणि खाली बरोबरची खूण करायची. ती खूण असल्याशिवाय दुकानातून चिंधीही बाहेर जात नसे. लोक 'महत्व' लिहून आणत, हा 'महत्त्व' करी. लोक 'तत्व' आणत, हा 'तत्त्व' करी. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कार्यकर्ते 'व्यक्तिमत्व' घेऊन येत, मल्लिनाथ त्यांना खुर्चीतून न उठता सांगे, "नेता मोठा करायचा असंल तर आधी त्याला दुसरा त द्या."

वसंतरावांचा मजकूर आला आणि त्यात 'गुरुत्वीय' दिसलं, तेव्हा मल्लिनाथला शंकासुद्धा आली नाही. व्याख्यान मठात. मठात आपली लिंगायत मंडळी. गुरू, लिंग, जंगम हे लहानपणापासून कानावरचं. वर 'विश्व जाणून घेण्याची वाट'. आता हे गुरुतत्त्व नाही तर काय? शाळेच्या सभागृहात परीक्षा चालू होत्या म्हणून मास्तरांनी मठ घेतला, हे त्याला कोण सांगणार? मास्तरांची बोटं घसरली असं समजून त्याने एक अख्खा त आणि एक अर्धा त पदरचा घातला. सुगतने चित्र मास्तरांच्या फोनवर पाठवलं. मास्तर त्या वेळी लातूरच्या व्याख्यानासाठी खुर्च्या लावत होते. त्यांनी चष्म्याविना पाहिलं आणि अंगठा पाठवून दिला.

"म्हणजे दोघांनी वाचलं आणि दोघांनी एकच चूक केली," सुगत मागून म्हणाला. सुगत पस्तिशीचा, बोलायला गोड आणि टोचायला बारीक. "काका, परवा ते लातूरचे लोक मशीन दाखवायला येणार हायेत. शुद्धलेखन आपोआप तपासतंय म्हणे. मी त्यांना म्हणलो होतो, आमच्याकडं काका हायेत, गरज न्हाई. आता काय म्हणू?"

घरी बसलेला माणूस दुपारच्या बाराला काय करतो, हे मल्लिनाथने शेजारच्या ओसरीवर पाहिलं होतं. त्याला ते करायचं नव्हतं.

"संध्याकाळी म्या सगळ्यांम्होरं सांगतो," तो फोनवर वसंतरावांना म्हणाला. "चूक माजी हाय."

"सगळे म्हणजे कोण? लातूरला अकरा आले होते," वसंतराव म्हणाले आणि पिशवी उचलून मठाकडे निघाले.

वसंतरावांचं दुखणं वेगळं होतं. मृण्मयी त्यांची पुतणी. ती पुण्यात याच लहरींवर काम करायची. तिकडे औंढ्याजवळ या लहरी पकडायचं मोठं यंत्र होणार, आणि इकडे गावोगाव अफवा, की ते यंत्र पाऊस पळवतं, भूकंप आणतं. लोकांना आधी सांगितलं पाहिजे, असं मास्तरांच्या मनाने घेतलं. त्यांनी पाच गावं ठरवली: लातूर, औसा, मुखेड, कंधार, उदगीर. सांगणारी तयार होती. ऐकणारे मिळत नव्हते.

औशात मिळाले. संध्याकाळी मल्लिनाथ मठात पोचला तेव्हा चपलांना जागा नव्हती. आत कपाळाला विभूती लावलेल्या बायका सतरंजीच्या कडेपर्यंत बसल्या होत्या. मागे पुरुष, खांबाला टेकून. आणि सगळ्यांच्या पुढे, हिरवं इरकल नेसून, भजनी मंडळाच्या म्होरक्या रत्नम्मा मल्लिनाथ उटगे.

"तू कशाला आलीस?" मल्लिनाथ खाली वाकून पुटपुटला.

"अय्यो! मी कशाला म्हंजे? तीन गल्ल्या गोळा करून आणल्या. तुमचा फ्लेक्स दाखवून. म्हणलं, आमच्या ह्यांनी लिहिलंय, चुकायचं न्हाई."

मल्लिनाथ सरळ झाला तो मागच्या भिंतीपर्यंत गेला.

मृण्मयी कुडता घातलेली, केस बांधलेली, तिशीची मुलगी. काकांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने सभागृहाकडे पाहिलं, मग फ्लेक्सच्या दुसऱ्या प्रतीकडे पाहिलं, जी तिच्याच डोक्यावर लावली होती. माइक घेतला.

"बाहेर गुरुतत्त्व असं छापलंय. त्याबद्दल मला काही येत नाही. येत असतं तर सांगितलं असतं. मी आलेय ते गुरुत्वाबद्दल बोलायला, म्हणजे वस्तूचं वजन, ओढ. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी उठावं, मला राग नाही."

कुजबुज झाली. दोन-चार पुरुष उठले. बायकांनी रत्नम्माकडे पाहिलं, रत्नम्माने मागच्या भिंतीकडे पाहिलं. त्या नजरेचं मोजमाप मल्लिनाथच करू जाणे. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या पार्वतीबाई, वय सत्तर, बोरमाळ घातलेल्या, मोठ्यानं म्हणाल्या, "आता आलोच हाव तर बसा गं. घरी जाऊन काय, कणीकच मळायची."

सगळ्या बसल्या.

"किल्लारीचा भूकंप किती जणींना आठवतो?" मृण्मयीने विचारलं.

औसा तालुक्यात हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. हात वर आले नाहीत, पण सभागृह गप्प झालं, आणि तेच उत्तर होतं.

"जमिनीच्या पोटात काय आहे, ते कोणी खाली जाऊन पाहिलंय? नाही. तरी शास्त्रज्ञांना माहीत आहे, आत कुठे खडक आहे, कुठे वितळलेलं लोखंड आहे. कसं? हादरे एका बाजूनं शिरतात, दुसऱ्या बाजूनं निघतात, आणि वाटेत काय काय लागलं ते सांगतात. आभाळाचं उलटं होतं. आभाळ आपण हजारो वर्षं नुसतं बघत आलो. आधी डोळ्यानं, मग दुर्बिणीनं. जे उजेड देतं तेवढंच दिसलं. जे उजेडच देत नाही, त्याचं काय? दोन कृष्णविवरं, म्हणजे उजेडसुद्धा ज्यांच्यातून सुटत नाही असे गोळे, एकमेकांभोवती फिरत फिरत आदळली. दिसलं काहीच नाही. पण त्या धडकेनं अवकाशच हादरलं. चादर झटकल्यावर सळ पळत जातो, तसा हादरा निघाला. तो चालत राहिला एकशेतीस कोटी वर्षं. दोन हजार पंधरा साली आपल्याकडे पोचला आणि माणसानं पहिल्यांदा पकडला."

"एवढ्या उशिरा?" पार्वतीबाई म्हणाल्या. "मंग आता काय उपेग?"

"उपयोग असा, की आता आपल्याला डोळ्याच्या जोडीला कान मिळाले. दोन वर्षांनी आणखी एक हादरा आला. या वेळी दोन मेलेले तारे आदळले होते. यंत्रांना आधी हादरा कळला, त्यांनी दिशा सांगितली, मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि उजेडही दिसला. कानानं सांगितलं, डोळ्यानं पाहिलं. तेव्हा कळलं, सोनं कुठं तयार होतं. अशाच धडकांमध्ये."

'सोनं' म्हटल्याबरोबर सभागृह एक वीत पुढे सरकलं.

"म्हंजे ही माजी बोरमाळ आभाळातून पडली म्हण की," पार्वतीबाई गळ्याला हात लावून म्हणाल्या. "आमच्या सुनेला येऊन सांग, बाई. ती म्हणती, माहेरचं लई हलकं हाय."

हशा पिकला. मल्लिनाथ भिंतीशी उभा राहून ऐकत होता. आपल्या चुकीमुळे आलेली ही माणसं हसताहेत हे त्याला बरंही वाटत होतं आणि बोचतही होतं. हिशेबात घोळ असावा आणि शिल्लक मात्र वाढलेली निघावी, तसं काहीतरी.

मग पार्वतीबाई हात वर करून उठल्या, आणि या वेळी त्या हसत नव्हत्या. "ते औंढ्याचं यंत्र. ते भूकंप आणंल का?"

"नाही."

"यायच्या आधी सांगंल का?"

मृण्मयीला 'कदाचित' म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "ते आभाळातल्या हादऱ्यांसाठी आहे. जमिनीचा हादरा त्याला नुसता त्रास देतो."

"मंग ते करतंय काय?"

"कळवतं. कुठे काय झालं ते."

पार्वतीबाईंनी पदर सावरला. "कळलं तरी लई झालं. किल्लारीला माजा भाऊ व्हता. त्यो गेला हे आमाला कळायला किती दिस गेले. तवर इथं आमी त्याच्यासाठी जेवायचं थांबलो हुतो." आणि त्या खाली बसल्या.

व्याख्यान संपलं तेव्हा बायका मृण्मयीभोवती जमल्या. मल्लिनाथ माइककडे निघाला, आपली कबुली द्यायला. पण वसंतरावांनी त्याला वाटेतच गाठलं, आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. मास्तरांचा चेहरा असा, की निकाल लागला आणि अख्खा वर्ग पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले, पेढे घेऊन.

"सुगत, मुखेड, कंधार, उदगीर. तिन्ही गावांचे फ्लेक्स तुझ्याकडेच. मजकूर औशाचाच ठेव."

"तारीख बदलून?"

"तारीख आणि ठिकाण. बाकी जसंच्या तसं."

मल्लिनाथने मान वर केली. "जसंच्या तसं म्हंजे, सर? गुरुतत्त्वीय?"

"हो, असू दे." वसंतराव पेढ्याचा कागद नीट करत म्हणाले. "लोक आत येईपर्यंतच तो शब्द. आत आले की मृण्मयी खरं सांगतेच आहे. कोणाचं काय नुकसान?"

"आन तुमी माझ्या पोरीचा अर्धा मार्क कापला व्हता," मल्लिनाथ म्हणाला. "दहावीला. एका वेलांटीसाठी."

"तो पेपर होता, मल्लिनाथराव."

"काका," सुगत मधे पडला, "तुमचं काम अक्षर बघायचं. अक्षर शुद्ध हाय की. दोन त हायेत, जागच्या जागी हायेत. खूण करा."

"शुद्ध हाय. खरं न्हाई." मल्लिनाथ खुर्चीतून उठला. सहा वर्षांत गिऱ्हाइकाशी बोलताना तो पहिल्यांदा उठला असेल. "सर, कालची चूक व्हती. चुकीनं आलेल्या बाया बसल्या, त्यो त्यांचा चांगुलपणा. आता समजून-उमजून छापलं तर ती चूक न्हाई राहत. ती थाप व्हती. आन थाप मारून जे सांगायचं, ते काय, तर खरं काय ते कळवायचं यंत्र! माजी खूण मिळायची न्हाई."

वसंतरावांनी तिथूनच मृण्मयीला फोन लावला. तिला वाद मिटवायला सांगणार होते. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

"ती म्हणते, त्यांचंच बरोबर आहे." मास्तर उठले. पेढे तिथेच राहिले. "मुखेडचा करा तुमच्या मनासारखा. एक त घाला. पुढचं पुढे बघू."

ते गेल्यावर सुगत हसला, पण पुरतं नाही. "काका, तुम्ही गिऱ्हाईक पळवायला लागलात. आपण एक करू. मुखेडला हॉल भरला तर मशीनवाल्याला नको म्हणतो, तुमची खुर्ची कायम. न्हाई भरला तर कंधार-उदगीर जातंय लातूरच्या दुकानात, आणि मला पण विचार करावा लागंल. मंजूर?"

"मंजूर," मल्लिनाथ म्हणाला आणि पुढ्यातला कागद ओढून 'गुरुत्वीय'खाली बरोबरची खूण केली.

मुखेडला तो स्वतः गेला. रत्नम्माही निघाली, म्हणाली, "औशाला बायकांना गप्प करण्यात माझं निम्मं ऐकायचं राहिलं." गाडीत तिने सबंध वाटभर त्याला त्या फ्लेक्सवरून टोमणे मारले आणि मुखेड आल्यावर त्याची पिशवीही स्वतःच उचलली. आठवडी बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेळ्या, मिरच्या, दोरखंडं, कानातली. एका चौकात 'गुरुत्वीय लहरी'चा फ्लेक्स स्वच्छ, एका त-चा, उभा होता आणि त्याच्या सावलीत एक बाई लसूण विकत बसली होती.

"मावशी, वर काय लिहिलंय वाचलं का?" मल्लिनाथने विचारलं.

"निवडणुकीचं असंल," ती म्हणाली. "लसूण घ्यायचा का?"

वाचनालयाच्या हॉलमध्ये शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. वसंतराव दाराशी उभे राहून बाजाराकडे बघत होते, जणू बाजार उठला की इकडेच येणार. येईना. वेळ झाली, टळली, तेव्हा मृण्मयीने सुरुवात केली. तीच चादर, तेच कृष्णविवर. आवाज औशाच्यापेक्षा रेसभरही कमी नव्हता. ऐकणाऱ्या मोजक्यांना तिने पुढच्या रांगेत बोलावून घेतलं आणि स्वतः टेबलासमोर खुर्ची ओढून बसली.

मल्लिनाथच्या खिशात फोन थरथरला. सुगत. तो वाकून, तोंडाला हात लावून बोलला.

"बोला काका. भरला का हॉल?"

मल्लिनाथने मागे पाहिलं. रिकाम्या खुर्च्या ओळीने, शिस्तीत, वसंतरावांनी लावल्या तशाच.

रत्नम्माने कोपर मारलं. "सांगा की भरलाय," ती कुजबुजली. "त्याला तिथून काय दिसतंय?"

"न्हाई भरला," मल्लिनाथ फोनमध्ये म्हणाला. "नऊ जण हायेत. त्यात एक वॉचमन. आन वर आमी दोघं."



"मास्तरांनी फोटोत तरी गर्दी दाखवली असती, काका. तुम्हाला तोंडानं पण दाखवता येईना." सुगतच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मल्लिनाथला कळलं, खुर्ची गेली. "बरं. उद्या या. बोलू."

"येतो," म्हणून मल्लिनाथने फोन बंद केला आणि खिशात ठेवला. रत्नम्माने पिशवीतून पाण्याचा फिरकीचा तांब्या काढून त्याच्या हातात दिला.

पुढे मृण्मयी म्हणत होती, "औशाला गर्दीत हे ऐकवता आलं नाही. पहिली लहर आली तिचं आवाजात रूपांतर केलंय. फार बारीक आहे. पंखा बंद करता का कोणी?"

वॉचमन उठला आणि त्याने पंखे बंद केले. बाहेर बाजार होता, पण तो दाराच्या त्या बाजूला. वाचनालयाच्या भिंती जुन्या, जाड. नऊ माणसं आणि वर दोघं पुढे वाकून बसली. वसंतरावसुद्धा दार सोडून आत आले आणि मल्लिनाथच्या शेजारच्या खुर्चीत टेकले.

मृण्मयीने कळ दाबली. खालच्या सुरातून उचलला गेलेला, विहिरीत खडा पडावा तसा एक आवाज आला. आला म्हणेपर्यंत संपला.



"एवढाच?" रत्नम्मा म्हणाली.

"एवढाच," मृण्मयी म्हणाली.

रत्नम्माने डोक्यावरचा पदर कानामागे सारला. "पुन्हा लाव की, बाई," ती म्हणाली. "ह्यांचं लक्ष नव्हतं."